तळटीप

सुवातल्या हॉटेलात, तिसऱ्या मजल्यावर,
पडद्यावर तक्ता लागलाय.
माल्टा, सेशेल्स, मालदीव, सेंट लुशिया, आम्ही :
दहा लाखांच्या आतले सगळे एका पंगतीत.
आमच्या ओळीत आकडे नाहीत. आडव्या रेघा,
आणि शेवटच्या रेघेवर एक चांदणी.
चांदणीचा अर्थ खाली, मुंगीच्या टायपात :
संख्या अतिशय लहान; टक्केवारी काढलेली नाही.

तक्ता करणारा माणूस भला आहे.
चहाच्या वेळी मुद्दाम जवळ आला,
म्हणाला, बाई, गैरसमज नको.
अकरा मुलांत एक नापास झाला
तर आलेख नऊ टक्क्यांनी कोसळतो.
त्याला काही अर्थ नसतो.

त्याचं नाव तौकाबान.
माझ्या थोरल्या बहिणीचा.
टारावाहून बोटीने दीड दिवस, बोट आली तर.

गणिताच्या पेपरात नदी आली होती.
प्रवाह ताशी दोन, संथ पाण्यात होडी ताशी आठ,
प्रवाहाविरुद्ध बहात्तर किलोमीटर, तर वेळ किती?
आमच्या देशात नदी नाही.
ओढा नाही, ओहोळ नाही.
पाणी एक तर चहूकडे असतं
नाहीतर विहिरीत हातभर खाली, मचूळ.
तौकाबानने उत्तराच्या जागी लिहिलं होतं :
ओहोटी कधी लागते ते सांगा, मग सांगतो.

नमुना उत्तर होतं बारा तास.
तपासनिसाने शून्य दिलं.
तपासनीस मीच.
मंत्रालयात आम्ही चौघं,
त्यातले दोघं तेव्हा जिनिव्हाला.

सेंट लुशियाची फिलोमीन सांगते,
आम्ही नर्सा शिकवतो, पाहुणचार करावा तशा,
आणि मग विमानतळापर्यंत पोचवायला जातो.
माल्टाचा म्हातारा हसतो, त्याचे दात पिवळे,
म्हणतो, आमची तर निम्मी भांडणं
पेपर कुठल्या भाषेत काढायचा यावरच.
मी सांगत नाही
की आमच्या भाषेला तेरा अक्षरं पुरतात
आणि त्यांत नदीसाठी शब्द शोधताना
पाठ्यपुस्तक मंडळाची अख्खी दुपार गेली होती.

तक्त्यात एक रकाना आहे : गळती.
तिथे मी दरवर्षी अडते.
कुणाची? मुलांची, की छपराची,
की त्या टाकीची, जिच्यातलं पावसाचं पाणी
सुट्टी लागायच्या आत संपतं
आणि मग शाळा लवकर सोडावी लागते.
पटावर अकरा. हजर सात.
चौघं भरती बघून गेलेत जाळी घेऊन.
हे कुठल्या रकान्यात भरू?

आणि मुलांना जाण्यासाठी शिकवायचं
की राहण्यासाठी,
याला रकानाच नाही.
विचारलं तर पडद्यावरचा बाण
थोडा थरथरला, आणि पुढची स्लाइड आली.

आठवड्याने परतले.
बोट प्रवाळाबाहेर उभी राहिली,
न्यायला लहान होडी घेऊन तौकाबान आला.
खांद्याला माझी बॅग, त्यात चकचकीत अहवाल.
त्याच्या खिशात घडी घातलेला कागद,
घडीवरून मी ओळखला :
न्यूझीलंडला फळं तोडायचं काम,
अट : नववी पास, गणितासह.
तो बोलला नाही. मीही नाही.

खिंडीच्या तोंडाशी त्याने इंजिन बंद केलं.
पाणी बाहेर पडत होतं, खडकांवरून, फेसाळत.
तो बघत होता. ओठ हलत होते, मोजत असावा.

मग विचारलं, मावशी, तिकडे नदी बघितलीस?
बघितली. विमानतळाच्या वाटेवर, पुलावरून.
कशी असते?
तपकिरी. रुंद. एकाच दिशेने जाते.
संध्याकाळी परत येत नाही?
नाही.

त्याने मान हलवली,
बिघडलेल्या यंत्राबद्दल ऐकल्यासारखी,
आणि वल्ह्याने होडी जागच्या जागी धरून
आम्ही भरतीची वाट बघत बसलो.